डॅम्पिंग फॅक्टरच्या आकड्यामागे धावताय? या चुका टाळा

बास सैल वाटतो, ठोका पडून गेला तरी मागे घुमणं रेंगाळतं, की पहिला संशय अ‍ॅम्पवर (अ‍ॅम्प्लिफायरवर) जातो. 'डॅम्पिंग फॅक्टर 200 च आहे, 1000 वाला घेऊ.' जरा थांबा.

स्पीकरच्या इंपीडन्सला (एसी प्रवाहाला होणाऱ्या विरोधाला) अ‍ॅम्पच्या आउटपुट इंपीडन्सने भागलं की हा आकडा येतो: 8 ओहम भागिले 0.04 म्हणजे 200. स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) हलत असताना त्याला जोडलेली व्हॉइस कॉइल (तारेचं वेटोळं) छोट्या जनित्रासारखी वीज तयार करते. ती अ‍ॅम्पमधून फिरून परत कॉइलमध्ये येते आणि कोनला ब्रेक लावते. वाटेत रोध कमी, तर ब्रेक घट्ट.

हा ब्रेक ऐकायचाय? वूफरच्या (बासच्या मोठ्या स्पीकरच्या) वायरी सोडवा आणि कोनवर बोटाने हलकेच टिचकी मारा. 'ढुम्म' असा लांबलेला आवाज येईल. आता वूफरची दोन टर्मिनलं वायरच्या तुकड्याने जोडून पुन्हा टिचकी मारा. 'ठप्', विषय संपला. (अ‍ॅम्प जोडलेला असताना हे करू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर उडतील.)

पहिली चूक इथेच होते: कॉइलचा स्वतःचा रोध हिशेबात धरलाच जात नाही. 8 ओहमच्या वूफरमध्ये तो साधारण 6 ओहम असतो. म्हणजे 200 चा अ‍ॅम्प काढून 1000 चा लावलात, तर एकूण रोध 6.04 वरून 6.008 वर येतो. हा फरक ऐकू येतो असं कुणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी चूक वायरची, आणि ही खरी महागात पडते. स्पीकर 10 मीटरवर आहे आणि 0.5 चौ. मिमीची बारीक तांब्याची वायर ओढली, तर जाऊन-येऊन 20 मीटरचा रोध जवळपास 0.7 ओहम होतो. 200 चा डॅम्पिंग फॅक्टर स्पीकरपाशी 11 वर येतो. 1000 वाला अ‍ॅम्प लावला तरी साडेअकरा! त्याच जागी 2.5 चौ. मिमीची वायर टाका, 200 वाल्याच अ‍ॅम्पवर 44 मिळतील.

तपासायला 200 हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टिमीटरने एसी व्होल्टेज आधी अ‍ॅम्पच्या, मग स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. 5 चे 4.6 व्होल्ट झाले, तर त्या फ्रिक्वेन्सीला स्पीकर 8 ओहमचा धरून वाटेत 0.7 ओहम आहे. वायर जाड असूनही घट दिसली, तर ढिला स्क्रू किंवा काळं पडलेलं तांबं शोधा.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या वापरणाऱ्या अ‍ॅम्पची) गोष्ट वेगळी. आउटपुट इंपीडन्स 2 ओहम असेल आणि स्पीकरचा इंपीडन्स 5 पासून 30 ओहमपर्यंत फिरत असेल, तर आवाजाच्या पातळीत सुमारे 2.4 डेसिबलचा चढउतार होतो. हा मात्र ऐकू येतो. काहींना आवडतोही.

आणि सगळं ठीक असूनही बास घुमतोय? मग खोली बघा. 4 मीटर लांबीच्या खोलीत 43 हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो. खुर्ची मागच्या भिंतीपासून अर्धा-एक मीटर पुढे ओढून तेच गाणं ऐका. घुमणं कमी झालं, तर अ‍ॅम्प निर्दोष सुटला.