फार्महाऊसवर तळं आहे? मग बांधाच्या बाबतीत या चुका टाळा

मे संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, अरे आपल्या तळ्याच्या बांधाखाली ओल दिसतेय, जरा येऊन बघतोस का. गेलं की बहुतेक ठिकाणी तेच असतं, सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, जाळी लावलेली, बांधावर हौसेने लावलेली झाडं, आणि माथ्यावरून गाड्यांची ये-जा. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतोय, कारण खाली वस्ती असेल तर हा विषय फक्त तुमच्या प्रॉपर्टीपुरता राहत नाही.

आधी एक जुनी घटना सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, ७२ फूट उंच आणि ९०० फुटांपेक्षा जास्त लांब. मुळात सरकारने कालव्याला पाणी द्यायला बांधलेलं, पण रेल्वे आली, कालवा निकामी झाला आणि विकत विकत ते पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या एका क्लबकडे गेलं, अँड्र्यू कार्नेगी वगैरे त्याचे मेंबर. मासेमारी, होड्या, काठावर बंगले, म्हणजे आज आपल्याकडे लोक करतात तेच, फक्त खूप मोठं. ३१ मे १८८९ ला प्रचंड पाऊस पडला, दुपारी धरण फुटलं आणि सुमारे १४ मैल खाली असलेल्या जॉन्सटाऊन आणि वाटेतल्या गावांमधली २,२०० हून जास्त माणसं गेली. पाऊस मोठा होता हे खरंच, पण त्याआधी काय काय करून ठेवलं होतं ते बघा आणि आपल्या बांधाशी ताडून बघा.

सांडव्यात मासे अडवायला जाळी लावणं

ही सगळ्यात कॉमन आणि माझ्या मते सगळ्यात घातक चूक. क्लबने महागडे मासे आणून सोडले होते, ते वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या. पुराच्या दिवशी फांद्या-कचरा येऊन त्या गच्च तुंबल्या, माणसं पावसात उभी राहून कचरा काढत होती, दुसऱ्या बाजूला नवीन चर खणायचाही प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो टिकत नाही, पाणी मागच्या उतारावरची माती कापत सुटतं आणि मग काही तासांचा खेळ असतो. त्यामुळे जून लागायच्या आत जाळी काढा, मासे गेले तर जाऊ देत, पिल्लं परत विकत मिळतात. आणि दिवाळीपर्यंत पाणी पुरावं म्हणून सांडव्यात वाळूच्या गोण्या किंवा फळ्या टाकून पातळी वाढवणं हीसुद्धा तीच चूक, पाणी वर चढलं की माथ्यापर्यंतची मोकळी जागा तुम्हीच खाल्ली.

रस्त्यासाठी माथा उतरवणं

क्लबने बग्ग्या नीट जाव्यात म्हणून माथा खाली घेऊन रुंद केला होता, आणि मधला भाग थोडा बसलेलाही होता. खरं तर मातीचा भराव मध्ये जास्त बसतो म्हणून तिथे तो थोडा उंचच ठेवायचा असतो. गवंड्याची पाण्याची लेव्हल पाईप घ्या, दर दहा-पंधरा फुटांवर माथा तपासा, जिथे खड्डा किंवा चाकोरी पडलीय तिथे माती थराथराने टाकून, ओली करून, नीट दाबून घ्या. नुसता ढीग ओतून मोकळं होऊ नका.

तळं रिकामं करायची सोयच नसणं

तिथले तळाचे लोखंडी पाईप आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले आणि क्लबने परत बसवलेच नाहीत, म्हणजे दुरुस्तीसाठी पाणी उतरवायचं तर मार्गच नाही. खाली जॉन्सटाऊनमधल्या लोखंड कंपनीने १८८० मध्ये इंजिनिअर पाठवला होता, त्याने हेच सांगितलं, खर्चात वाटा द्यायचीही तयारी दाखवली गेली, पण क्लबने ऐकलं नाही. हे वाचताना अजूनही त्रास होतो. तुमच्या तळाच्या पाईपला व्हॉल्व्ह असेल तर तो वर्षातून दोनदा तरी उघडून बघा, गंजून जाम झालेला व्हॉल्व्ह ऐन वेळी कामाचा नाही. पाणी मात्र एकदम सोडू नका, दिवसाला साधारण फूटभर उतरवा, नाहीतर आतला ओला उतार घसरतो.

पाझर दिसला की सिमेंट लिंपणं

बांधाच्या पायथ्याशी थोडी ओल, थोडा स्वच्छ पाझर बऱ्याच मातीच्या बांधांना असतो. पाणी बादलीत धरा, किती सेकंदात भरते ते लिहून ठेवा, दर आठवड्याला. तळ्याची पातळी तेवढीच असून पाझर वाढला किंवा पाणी गढूळ झालं तर आतून माती वाहून जातेय, तिथे थांबायचं नाही, इंजिनिअर बोलवा आणि पाणी उतरवायला लागा. बाहेरच्या बाजूने सिमेंट किंवा प्लास्टिक लावून तोंड बंद केलं तर पाणी आत दाबाने साठतं आणि दुसरीकडून फुटतं. इंजिनिअर येईपर्यंत तिथे जाड वाळू आणि त्यावर खडी टाकता येते, पाणी निघतं पण माती अडते.

झाडांचं थोडक्यात. बांधावर हराळी लावा, मोठी झाडं नकोत, मुळं कुजली की आत पोकळ वाट राहते आणि वादळात झाड पडलं तर मुळांसकट भरावही उपटून येतो. पण जुनं मोठं झाड असेल तर स्वतःच्या मनाने उपटू नका, विचारून करा. घुशी आणि खेकड्यांची बिळं दिसली की लगेच बुजवा.

आता कुणी म्हणेल आमचं तळं छोटं, कायदा कुठे लागू होतो. बरोबर आहे, २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींमध्ये बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागतो, म्हणजे तुमचा वीस फुटी बांध त्यात येत नाही आणि तो तपासायला या कायद्याने कुणी येणारही नाही. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेही काही अवाढव्य नव्हतं, गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली.

म्हणून अजून एक काम याच आठवड्यात करा. जॉन्सटाऊनला तारेने इशारे गेले होते, पण धरण फुटणार हे लोक इतकी वर्षं ऐकत होते की बहुतेकांनी मनावरच घेतलं नाही. तर खालच्या वाडीत स्वतः जा, सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा, पाणी कुठून कसं येईल ते दाखवा, त्यांचे नंबर आणि ११२ मोठ्या अक्षरात लिहून केअरटेकरच्या खोलीत लावा, आणि गढूळ पाणी दिसलं तर आधी वाडीला फोन करायचा, मालकाला नंतर, हे त्याला नीट समजावून सांगा.