शाळा चालू असताना मुलांना घेऊन गावाला निघालात? अभ्यासाच्या या चुका टाळा

मधल्या सुट्टीत वर्गाच्या दाराशी एक आई येऊन उभी राहते. "मॅडम, ह्याचे पप्पा कोइमतूरला असतात. दिवाळीला पण आले नाहीत. पंधरा दिवस घेऊन जाऊ का?" सांगली जिल्ह्यातल्या विटा आणि आसपासच्या गावांत शिकवणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. खानापूर, आटपाडी, तिकडं खटाव-माण, या पट्ट्यातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईवर, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यावर चालतात. दुकान केरळात नाहीतर तमिळनाडूत आणि शाळा इथं. मे महिन्यात रिझर्व्हेशन मिळत नाही, दुकान बंद ठेवून बापाला येता येत नाही. मग शाळा बुडते.

मी अशा आईला कधी अडवत नाही. वर्ष-वर्ष बापाचं तोंड न पाहिलेल्या लेकराला ते पंधरा दिवस मिळालेच पाहिजेत. पण पंधरा दिवस गेलेलं मूल पुढं दोन-दोन महिने चाचपडत राहतं, हे मात्र नक्की टाळता येतं.

"ताप आला होता" असं सांगणं

बाई रागावतील म्हणून आजारपणाचं कारण देतात. मग ते खोटं मुलालाच सांभाळावं लागतं. रेल्वे पाहिली, समुद्र पाहिला, पण वर्गात बोलायची चोरी. शिवाय आम्हाला आधी कळलंच नाही, तर आम्ही मदत तरी काय करणार? चार दिवस आधी खरं सांगा. तेवढं पुरतं.

सगळं दप्तर सोबत नेणं

बॅगेत सात पुस्तकं, सात वह्या. परत येताना तशीच घडी न मोडलेली. त्यापेक्षा शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: "या दिवसांत असं काय शिकवणार आहात, की ज्याच्यावाचून पुढचं अडेल?" मराठीची कविता, परिसर अभ्यासाचा एखादा पाठ नंतर वाचला तरी चालतो. गणिताचं तसं नाही. तिथं एक पायरी निसटली की पुढची चढता येत नाही. साधारण दोन-तीनच गोष्टींची नावं मिळतील. तेवढीच पानं न्या. पुस्तक घरी राहिलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते, आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य मोबाइलवर दिसतं. रोज अर्धा तास, सकाळी, फिरायला निघायच्या आधी. रात्रीचं ठरवलेलं कधी होत नाही.

वही उतरवून घेतली म्हणजे अभ्यास भरून निघाला, असं मानणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते, कारण ती कष्टाळू आयाच करतात. रात्री अकरापर्यंत मुलाला बसवून मित्राची वही उतरवून घेतात. एकदा अशीच एक वही माझ्यापुढं आली. अक्षर मोत्यासारखं. मधेच ७ × ८ = ५४ लिहून त्यावर काट मारलेली, खाली ५६. मित्राची चूक आणि मित्राची काटसुद्धा, दोन्ही पोरानं इमानदारीनं उतरवलेलं! हात चालला होता, डोकं झोपलं होतं.

वहीची पानं कोरी राहू द्या. प्रत्येक घटकातली दोन उदाहरणं, मित्राच्या वहीतली उत्तरं झाकून, मुलाकडून सोडवून घ्या. अडलं तर नेमकं कुठं अडलं ते कागदावर लिहून आमच्याकडं पाठवा. "त्याला अपूर्णांक येत नाहीत" यापेक्षा त्यानं केलेलं चुकीचं गणित आम्हाला जास्त सांगतं.

उदाहरण घ्या. पाचवीतलं मूल परत आलं आणि १/२ + १/३ = २/५ असं लिहू लागलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. याचा अर्थ त्याची बेरीज कच्ची नाही. छेद समान का करायचे, तो तास त्याचा बुडालेला आहे. ओरडू नका, भाकरी घ्या. तिचे सारखे सहा तुकडे करा. अर्धी भाकरी म्हणजे तीन तुकडे, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. झाले सहातले पाच, ५/६. आणि २/५ तर अर्ध्या भाकरीपेक्षाही कमी भरते. मिळवल्यावर कमी कसं होईल? हे मुलाला स्वतःला दिसलं की पुन्हा चुकत नाही.

वडिलांच्या दुकानात अभ्यास नसतो, असं समजणं

उलट तिथं तर अपूर्णांक तोळ्यानं मोजले जातात. शुद्ध सोनं २४ कॅरेट. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांतले २२, टक्क्यांत ९१.६ च्या वर, म्हणून दागिन्यावर ९१६ चा शिक्का. १८ कॅरेट म्हणजे १८/२४, सोपं रूप ३/४, म्हणून ७५०. बापानं काट्यावर एक अंगठी ठेवून हे समजावलं, तर माझ्या दोन तासांचं काम होतं. एक मात्र पाळा: मुलाला काट्यापाशीच बसवा. ॲसिड आणि भट्टी जिथं चालते तिकडं अजिबात फिरकू देऊ नका, त्याचा धूर फार वाईट.

तारखा न बघता तिकीट काढणं

सहामाही परीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिक यांच्या तारखा शाळेत विचारून मगच तिकीट काढा. पाचवी आणि आठवीच्या पालकांनी वार्षिक परीक्षा हलकी घेऊ नये. नापास झाल्यास पुनर्परीक्षा असते, पण तिथंही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळं त्या वर्षी लांबचा बेत नकोच.

गाडीतून उतरवून थेट शाळेत

मिरजेला पहाटे उतरायचं, विट्याची एसटी पकडायची आणि दहाच्या ठोक्याला मूल वर्गात. डोळे तांबारलेले, काय चाललंय ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं. ते दुखणं बहुधा पोटाचं नसतं. "मला विचारलं आणि आलं नाही तर?" ही धास्ती असते. शनिवारी पोहोचाल असं बघा. रविवारी संध्याकाळी शेजारच्या वर्गमित्राकडं तासभर पाठवा, सोमवारी काय शिकवणार तेवढं कळून घेऊ दे. आणि परतीचा दिवस मला आधी कळवा, म्हणजे त्या सोमवारी पहिल्या तासाला मी त्याला फळ्यापाशी बोलावणार नाही.