एकाच्या लूपने सगळ्यांचा सर्व्हर बसू नये म्हणून

कॉलेजच्या लॅबमधला सामायिक लिनक्स सर्व्हर. चाळीसेक मुलं एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) आत. प्रॅक्टिकलला कुणीतरी अनंत व्हाइल लूपमध्ये फोर्क (चालू प्रोसेसची, म्हणजे चालत्या प्रोग्रामची, नवी प्रत काढणारा आदेश) लिहितो आणि मिनिटभरात रूटलाही, म्हणजे सर्वाधिकारी खात्यालाही, लॉगिन होईना. यात हॅकर कुठेच नाही. म्हणून पहिला लगाम प्रोसेसच्या संख्येला घाला, बाकीचं मागाहून.

विद्यार्थ्याच्या खात्यातून 'युलिमिट -यू' चालवा (टाइप अर्थातच रोमनमध्ये); प्रोसेसची सध्याची मर्यादा दिसते. आकडा हजारांत दिसला, तर दार सताड उघडं आहे. आता रूट होऊन '/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ' उघडा. ओळीत चार रकाने असतात: कोणाला, सॉफ्ट की हार्ड, कशावर, किती. ग्रुपच्या नावाआधी ॲट चिन्ह; 'एनप्रॉक' म्हणजे प्रोसेसची संख्या:

@स्टुडंट्स सॉफ्ट एनप्रॉक 150
@स्टुडंट्स हार्ड एनप्रॉक 200

सॉफ्ट मर्यादा मुलं स्वतः वाढवू शकतात, पण हार्डपर्यंतच. एनप्रॉकमध्ये थ्रेडही (एका प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) मोजले जातात, त्यामुळे कंजूषपणे 20 लिहिलंत तर जावासुद्धा धड चालणार नाही.

बदल नव्या लॉगिनपासून लागू होतो. तपासताना रूटचं एक सेशन उघडंच ठेवा, हे मी कळवळून सांगतोय. दुसऱ्या खिडकीत विद्यार्थी म्हणून शिरा आणि 'स्लीप'च्या (नुसतं थांबून राहणारी कमांड) 200 प्रोसेस बॅकग्राउंडला सोडा. दीडशेच्या आसपास 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' असं आलं की जमलं.

मेमरीत मात्र बरेचजण फसतात. याच फाइलमधली 'एएस' ही मेमरीची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगळी लागते, माणसाला नाही. एका प्रोसेसला 1 जीबी दिला आणि प्रोसेस 200, म्हणजे कागदावर 200 जीबी! माणसाची एकूण मेमरी बांधायची तर सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) आणि सीग्रुपची (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणारी कर्नलची सोय) दुसरी आवृत्ती हवी. सिस्टिमडीत प्रत्येक माणसाच्या प्रोसेसच्या गटाला 'स्लाइस' म्हणतात. '/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/युजर-.स्लाइस.डी' हे फोल्डर करून त्यात '50-मेमरी.कॉन्फ' फाइल टाका:

[स्लाइस]
मेमरीमॅक्स=2जी

मग 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड'. आता मर्यादा ओलांडली तर त्याच मुलाच्या प्रोसेस मारल्या जातात, शेजाऱ्याचा कंपायलर चालूच राहतो.

एक खोच आहे. लिमिट्स.कॉन्फमधल्या ग्रुपच्या ओळी रूटला लागत नाहीत, ही स्लाइसची मर्यादा मात्र रूटच्या लॉगिनलाही लागते. त्याच जागी 'युजर-0.स्लाइस.डी' (0 हा रूटचा क्रमांक) असं वेगळं फोल्डर करून, '50-मेमरी.कॉन्फ' याच नावाच्या फाइलमध्ये तिथे मेमरीमॅक्सला 'इन्फिनिटी' द्या, नाहीतर ऐन अडचणीत तुमचंच सेशन उडायचं.