वणव्याच्या हंगामाआधी घराभोवतीचं आवार कसं तयार करावं

वणव्यात घरं पेटतात ती बहुतेकदा अंगावर चालून आलेल्या ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी. या ठिणग्या एखादा किलोमीटर सहज पार करतात आणि पन्हळीत, वळचणीला, पायपुसण्यावर, जिथे कोरडं सापडेल तिथे धुमसत बसतात. म्हणून कामाला सुरुवात भिंतीपासून करायची आणि कुंपणाकडे सरकत जायचं. बरेच जण नेमकं उलटं करतात: लांबचं गवत कापून दमतात आणि खिडकीखालचं झुडूप तसंच राहतं. गवत वाळायला लागण्याच्या महिनाभर आधी हे काम हाती घ्या.

पहिले दीड मीटर

भिंतीपासून चहूबाजूंनी 1.5 मीटरच्या पट्ट्यात जळण्याजोगं काहीही नको. खडी, फरशी किंवा उघडी माती चालेल. झाडांच्या सालीचं किंवा लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन इथून उचला. त्यावर ठिणगी पडली की लगेच जाळ दिसत नाही. आतल्या आत तासन्‌तास धुमसतं आणि वणवा पुढे गेल्यावर, घरात कोणी नसताना, भिंतीला लागतं. रबराच्या तुकड्यांचं आच्छादन तर त्याहून वाईट, कारण ते प्रचंड तापतं आणि लवकर विझत नाही.

मग शिडी लावा. छपरावरचा आणि पन्हळीतला पाचोळा हाताने काढा, नुसतं पाणी मारून पुढे ढकलू नका. कुठे लक्ष द्यायचं हे वाराच सांगतो: जोराचा वारा पडल्यावर घराभोवती एक फेरी मारा. पायरीचा कोपरा, दोन भिंतींचा सांधा, ओट्याखालची पोकळी, जिथे पाचोळा गोळा झालेला दिसेल तिथेच ठिणग्याही गोळा होणार. त्या जागा हंगामभर दर आठवड्याला झाडायच्या.

पोटमाळ्याच्या आणि जोत्याच्या झरोक्यांना 3 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवा. प्लास्टिकची मच्छरजाळी वितळते. जाळी जितकी बारीक तितकी धुळीने लवकर बुजते, तेव्हा ती अधूनमधून ब्रशने साफ करावी लागते.

लाकडी कुंपण घराला येऊन भिडत असेल तर ते वातीचं काम करतं. भिंतीलगतचा 1.5 मीटरचा तुकडा काढून तिथे पत्रा, लोखंडी फाटक किंवा विटांचं बांधकाम करा.

1.5 ते 9 मीटर

इथे झाडं असू द्यात, पण आगीला चढायला शिडी मिळता कामा नये. गवत 10 सेंटिमीटरच्या आत ठेवा. ते सकाळी, दव असतानाच कापा. यंत्राचं पातं दगडावर आपटून उडालेल्या ठिणगीने भर दुपारी वणवे लागलेले आहेत. उंच झाडांच्या फांद्या जमिनीपासून 2 मीटरपर्यंत छाटा. झाड ठेंगणं असेल तर उंचीच्या खालच्या एक तृतीयांशापलीकडे छाटू नका, नाहीतर ते खंगतं. झाडाखाली झुडूप असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट अंतर मोकळं हवं: 1 मीटरचं झुडूप, तर सर्वांत खालची फांदी त्याच्या शेंड्यापासून 3 मीटर वर. धुराड्यापासूनही फांद्या 3 मीटर दूर.

हिरव्यागार कुंपणवेलीवर किंवा मेंदीवर भरवसा ठेवू नका. आत हात घालून पाहा, वाळक्या काटक्यांचा गुंताच हाती येतो. पान चुरगळल्यावर उग्र तेलकट वास आला किंवा बोटांना चिकट राळ लागली, तर ते झाड घरापासून लांबच बरं. निलगिरी याच जातीतली.

सरपण किमान 9 मीटर दूर रचा, आणि उतार असेल तर घराच्या खालच्या अंगाला मुळीच नको. उतारावर आग वर चढताना पुढचं सगळं आधीच तापवत येते, म्हणून त्या बाजूला झाडांमधली अंतरं दुप्पट धरा.

9 ते 30 मीटर

इथे फक्त विरळणी करायची: वठलेली झाडं, पडलेल्या फांद्या, वाळलेली झुडपं काढा आणि शेंडे एकमेकांना भिडणार नाहीत इतकं अंतर ठेवा. सगळं उघडंबोडकं करणं चूक. माती धुपते, आणि रिकाम्या जागी जे गवत माजतं ते सर्वांत आधी वाळून सर्वांत आधी पेटतं. छाटलेला माल ढीग करून ठेवू नका, जाळूही नका. लगेच आवाराबाहेर हलवा.

अग्निशमनाची गाडी आत यायला रस्ता सुमारे 3.7 मीटर रुंद आणि वर 4 मीटरहून जास्त मोकळा हवा. घराचा क्रमांक रात्रीही रस्त्यावरून दिसू द्या.

इशारा मिळाल्यावर

गाद्या, पायपुसणी, प्लास्टिकच्या खुर्च्या घरात घ्या. खिडक्या-दारं लावा, फाटकाला कुलूप नको. नळी जोडून ठेवा, पण तुषार सिंचन चालू ठेवून जाऊ नका. सगळ्यांनी तसं केलं की पाण्याचा दाब पडतो आणि अग्निशमन दलाला पाणी मिळत नाही. निघायला सांगितलं की अर्धवट राहिलेली साफसफाई तशीच सोडून निघा.