कोल्हापुरात बसून लिखाणाचं काम कसं मिळवायचं: पहिल्या सॅम्पलपासून पहिल्या बिलापर्यंत

माझं पहिलं पैशाचं काम म्हणजे शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकाम कारखान्याच्या, वेबसाइटचा मजकूर. मी चार पानं लिहून नेली, 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास', 'ग्राहकांचं समाधान हीच आमची पावती' असलं सगळं त्यात होतं. मालक वयानं माझ्या वडिलांएवढे, त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "ताई, लिवलंय छान, पण ह्यात आमची भट्टी कुठं हाय?"

मग त्यांनी मला आत नेलं. साचा कसा भरतात, आत पोकळी राहावी म्हणून कोअर कसा बसवतात, वितळलेलं लोखंड ओततात तेव्हा सगळे का गप्प होतात, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या तुकड्यात, ब्लो होल म्हणजे हवेचं भोक आलं तर अख्खा तुकडा परत भट्टीत कसा जातो. माझे वडील उद्यमनगरात पॅटर्न मेकर, म्हणजे साच्याचा नमुना बनवणारे, होते, हे सगळे शब्द मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेले, आणि लिहायला बसल्यावर नेमके तेच सोडून दिले होते. ती चार पानं मी परत लिहिली. त्या दिवसापासून जे कळलं तेच इथे सांगतेय, कारण आता दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की ताई ऑनलाइन लिहून खरंच पैसे मिळतात का. मिळतात. हळू मिळतात, पण मिळतात.

आधी विषय धरा

"मी कशावरही लिहू शकते" असं सांगणारे हजारो आहेत, आणि क्लायंटला त्यातला कोण बरा हे कळायला काही मार्गच नसतो, मग तो सगळ्यात स्वस्त माणूस घेतो. म्हणून आधी एक कागद घ्या आणि घरात, गल्लीत, नात्यात कुठला धंदा आहे ते लिहून काढा. आपण कोल्हापूरकर ह्या बाबतीत श्रीमंत आहोत राव. गूळ आहे, चप्पल आहे, हुपरीची चांदी आहे, इचलकरंजीचं कापड आहे, फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, साखर कारखाने आहेत, दूध आहे, गुजरीतला साज आहे.

जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीच्या मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता दिसल्या, वाद पेटला आणि सगळीकडे लेखच लेख आले. त्यातले बरेचसे मी वाचले, वाद सगळ्यांनी लिहिला, पण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कसं कमावतात, कापशी चप्पल वेगळी कशी ओळखायची, जीआय मानांकन, म्हणजे मालाच्या नावावरचा त्या भागाचा कायदेशीर हक्क, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना आहे म्हणजे नक्की काय, हे लिहिणारे फार थोडे होते. त्या आठवड्यात हे नीट लिहू शकणाऱ्या माणसाला काम शोधायला लागलं नसतं. तुमचे मामा चप्पल लाइनमध्ये दुकान चालवत असतील तर ते तुमचं भांडवल आहे, नुसती ओळख नाही.

नोकरी केलेली असेल तर तोही विषयच. बँकेत होता तर कर्जाबद्दल लिहा, नर्स होता तर पेशंटला घरी कसं सांभाळायचं ते लिहा.

टायपिंग आणि शुद्धलेखन, हे पंधरा दिवसांत उरका

मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, लिहा. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर टाकला की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात, तो आधी कन्व्हर्ट करावा लागतो. फोनवर जीबोर्ड चालतं, कॉम्प्युटरवर विंडोजमधला मराठी कीबोर्ड चालू करा आणि जमलं तर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड पद्धत शिका, पहिला आठवडा जीव जातो पण नंतर स्पीड येतो.

साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम एकदा नीट वाचून काढा, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असल्या की संपादक पुढचं वाचतच नाही. आणि काम घेताना विचारून घ्या की 'केलं' चालेल की 'केले' पाहिजे, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

तीन सॅम्पल, जास्त नकोत

काम नाही म्हणून सॅम्पल नाही, सॅम्पल नाही म्हणून काम नाही, ह्या चक्रात बरेच जण अडकतात. त्यातून बाहेर पडायला कोणी काम द्यायची वाट बघायची नाही, स्वतःच लिहायचं. तीन लेख बास. पण कसे लिहायचे ते महत्त्वाचं आहे.

समजा गूळ घेतला. गुगलवर बघून 'गुळाचे दहा फायदे' लिहू नका, ते लाखभर लोकांनी लिहिलंय. हंगामात करवीर नाहीतर पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या चालू गुऱ्हाळावर सकाळी लवकर जा, दोन-तीन तास थांबा, गुळव्याशी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराशी, बोला. काहिलीत, म्हणजे त्या मोठ्या कढईत, रस किती लिटर बसतो, किती वेळ उकळतो, रानभेंडीचा चिकट रस घालून मळी कशी वर काढतात, गूळ तयार झाला हे त्याला कशावरून कळतं, काकवी कधी काढतात, रवा, म्हणजे गुळाची ढेप, किती किलोचा पाडतात, रंग पांढरट दिसावा म्हणून बाजार काय मागतो आणि त्याचं गुऱ्हाळवाल्याला काय वाटतं. सगळं वहीत उतरवा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मिळालंय, ते एका ओळीत येऊ दे. मग हजार शब्दांचा लेख लिहा, आणि छापायच्या आधी त्या गुळव्यालाच फोनवर वाचून दाखवा, चूक असेल तर तो लगेच सांगतो.

असे तीन. एक सविस्तर लेख, एक वेबसाइटसाठी प्रॉडक्टची माहिती, एक इंग्रजीतून मराठी किंवा उलटा अनुवाद. गुगल डॉकमध्ये ठेवा, लिंक कोणालाही उघडेल अशी सेटिंग करा, झाला पोर्टफोलिओ. स्वतःची वेबसाइट वगैरे नंतर बघू.

काम मागायचं कसं

सुरुवात गावातूनच करा असं माझं ठाम मत आहे. फायव्हर आणि अपवर्क ह्या ऑनलाइन काम मिळवायच्या वेबसाइटवर खातं जरूर उघडा, पण फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के स्वतः ठेवतं आणि अपवर्कवर प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स, म्हणजे तिथले टोकन, खर्च करावे लागतात, आणि तिथं जगभरातले लोक एकाच कामावर तुटून पडलेले असतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत असे किती कारखाने आहेत ज्यांचा माल परदेशात जातो आणि वेबसाइटवर मात्र 'वेलकम टू अवर कंपनी' एवढंच असतं. त्यांना लिहिणारा माणूस पाहिजेच असतो, फक्त तो कुठं मिळतो हे माहीत नसतं.

मेसेज छोटा लिहा, स्वतःबद्दल कमी आणि त्यांच्याबद्दल जास्त. मी साधारण असा पाठवते: "नमस्कार साहेब. तुमच्या वेबसाइटच्या प्रॉडक्ट पेजवर कास्टिंगचं वजन, ग्रेड आणि टेस्टिंगची माहिती दिसली नाही, बाहेरचा खरेदीदार आधी तेच बघतो. एका पेजचा नमुना सोबत जोडलाय, तो तसाच वापरला तरी चालेल. बाकीची पेजेस करायची असतील तर मी येऊन शॉप बघून लिहून देईन." आठवड्याला दहा मेसेज, वहीत नाव आणि तारीख, आठ दिवसांनी एकदाच आठवण. दहातल्या एकानं जरी उत्तर दिलं तरी ठीक चाललंय समजा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, काम देणारा कधीच आधी पैसे मागत नाही. 'घरबसल्या टायपिंग', 'रजिस्ट्रेशन फी भरा', 'डिपॉझिट ठेवा', आणि मग कामात चुका काढून वकिलाच्या नोटिशीची भीती घालायची, ह्या फसवणुकीत आपल्याकडची खूप पोरं-पोरी अडकल्यात. असा फोन आला तर कट करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

रेट कसा काढायचा

"बाकीचे किती घेतात" हे विचारत बसू नका, आपला हिशोब आपण मांडा. समजा महिन्याला २५,००० पाहिजेत. रोज पाच तास, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ११० तास. ह्यातला निम्मा वेळ मेसेज, फोन, बिलं, दुरुस्त्या ह्यातच जातो, म्हणजे पैशाचे तास उरले ५५. २५,००० भागिले ५५, तासाला साधारण ४५५ रुपये. हजार शब्दांच्या नीट लेखाला माहिती गोळा करण्यासकट सहा तास लागत असतील तर त्याची किंमत झाली २,७३०. आता कोणी त्याच लेखाचे ३०० देतो म्हणाला तर तुम्हाला नाही म्हणायला कारण सापडतं, आणि आवाजही कापत नाही.

मराठीत शब्दावर रेट घेताना जपा. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, 'कोल्हापूरकरांसाठीसुद्धा' हा एकच शब्द झाला, इंग्रजीत त्याला तीन-चार शब्द लागतात. त्यामुळे इंग्रजीतून मराठी अनुवाद करताना पैसे मूळ इंग्रजी शब्दांवर ठरवा, मराठी शब्दांवर नाही. हे मला कळेपर्यंत वर्ष गेलं.

ठरलेलं सगळं लेखी

दुसऱ्या वर्षी मी एका एजन्सीला चौदा लेख दिले, सगळं बोलणं फोनवर, एक ओळ लेखी नाही. लेख छापून आले आणि फोन उचलायचा बंद झाला. मी रडले, चिडले, काहीच करता आलं नाही कारण हातात काही नव्हतंच. तेव्हापासून कामाआधी ईमेल जातो म्हणजे जातोच. त्यात किती लेख, किती शब्द, कधी देणार, दुरुस्ती दोनदाच, पैसे किती आणि कधी, निम्मे आगाऊ, एवढं असतं. साध्या मराठीत लिहा, समोरच्यानं फक्त 'मान्य' असं उत्तर द्यायचं.

हक्कांचंही त्यातच लिहा. तुम्ही नोकरीला नसताना लिहिलेल्या लेखाचा कॉपीराइट मुळात तुमचा असतो, तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात. 'सगळे हक्क कायमचे आमचे' असं कोणी सही करायला दिलं तर त्याचे पैसे वेगळे मागा.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, करून ठेवा, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट असते, कोणाला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं क्लायंटला ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, पैसे द्यावे लागतात, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. काम घ्यायच्या आधीच नोंदणी झालेली बरी.

बिल आणि टॅक्स

बिलावर नंबर, तारीख, पॅन, बँकेचा तपशील, कामाचं वर्णन. कंपनी बऱ्याचदा १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच भरायचा इन्कम टॅक्स, कापून पैसे देते, घाबरू नका, ते बुडत नाहीत, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस ह्या तुमच्या वर्षाच्या माहितीपत्रकात दिसतात आणि रिटर्न भरलं की हिशोबात धरतात. जीएसटी नोंदणी वर्षाची बिलं २० लाखांच्या वर गेल्यावर, तोपर्यंत डोकं लावू नका. बाहेरच्या देशातून पैसे आले तर बँकेकडून त्याची पावती मागून फाइलला लावा आणि वर्षातून एकदा सीएकडे जा, त्याची फी वसूल होते.

एआयचं काय

हे सगळेच विचारतात. खरं सांगते, 'गुळाचे दहा फायदे' टाइपचं काम गेलं, ते परत येणार नाही. आता क्लायंट मशीननं केलेला अनुवाद पाठवतात आणि म्हणतात जरा बघून द्या. ते 'जरा' कधीच नसतं, निम्मी वाक्यं परत लिहावी लागतात, त्यामुळे एक पान करून बघा, वेळ मोजा आणि मग रेट सांगा. मुद्दे जमवायला मीही एआय वापरते, पण त्यातला एकही आकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आणि गुऱ्हाळ यंदा उशिरा का पेटलं, हे अजून गुळव्यालाच विचारावं लागतं.

नोकरी असेल तर सोडू नका एवढ्यात. सकाळचे दोन तास आणि रविवार ह्याच्यावर सहा महिने काढा, तीन क्लायंट परत परत काम द्यायला लागले आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडला की मग घरात बोला.

पहिलं पेमेंट आलं की त्याच दिवशी दोन गोष्टी मागा, काम दुसऱ्यांना दाखवायची परवानगी आणि आणखी कोणाला लिहिणारं माणूस पाहिजे का. मी ते त्या फाउंड्रीवाल्या काकांना विचारलं होतं, बिचकतच. त्यांनी माझ्यासमोरच शेजारच्या मशीन शॉपवाल्यांना फोन लावला आणि म्हणाले, "एक ताई हायत. आधी भट्टी बघत्यात, मग लिवत्यात."