गाडीचा अलार्म आणि शेजारच्या शहराचा नियम

मध्यंतरी बहिणीकडे, शेजारच्या शहरात मुक्कामाला गेले होते. रात्री पावणेतीनला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई, कडेवर तान्हं बाळ. "ती पांढरी गाडी तुमचीच ना?" मागच्या खोलीत मला काहीच ऐकू आलं नव्हतं. रडून रडून लाल झालेला तो चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, आणि मी या विषयाच्या मागेच लागले.

सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा: आवाजाचा नियम गाडी उभी असते त्या शहराचा. गाडीची नोंदणी कुठली, मालक कुठला, हे कोणी विचारत नाही. शहर बदललं की मुदतही बदलते. न्यूयॉर्कमध्ये अलार्म 3 मिनिटांत आपोआप थांबला पाहिजे, लॉस एंजेलिसमध्ये 5. लॉस एंजेलिसमध्ये ही 5 मिनिटं पहिल्या आवाजापासून धरतात. मधे थांबून पुन्हा वाजला म्हणून नव्याने मोजत नाहीत. वर राज्याचा कायदा वेगळा असतो. कॅलिफोर्नियात वस्तीतल्या गाडीबद्दल तक्रार आली, पोलीस आल्यापासून 20 मिनिटांत मालक सापडला नाही आणि आवाजही थांबला नाही, तर गाडी उचलून नेता येते.

तेव्हा नेहमी जाता त्या प्रत्येक शहराचे नियम एकदा उघडून बघा. ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात अलार्म सापडला नाही तर वाहनांच्या किंवा सार्वजनिक उपद्रवाच्या प्रकरणात शोधा, बऱ्याचदा तिथेच असतो. मुदत किती, ती कधीपासून मोजतात आणि रात्री तक्रार कोण घेतं, एवढं फोनमध्ये लिहून ठेवलं की झालं. शहराच्या हद्दीवर राहत असाल तर रस्त्याची कुठली बाजू कोणाकडे येते हेही विचारून घ्या, नाहीतर मध्यरात्री दोन्हीकडचे लोक एकमेकांचा नंबर देत बसतात.

पण खरं काम गाडीतच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 116 क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार अलार्म एका वेळी 25 ते 30 सेकंदच वाजतो आणि पुन्हा काही छेडछाड जाणवली तरच परत सुरू होतो. म्हणजे अशी गाडी दहा मिनिटं कोकलत असेल, तर तिला पुन्हा पुन्हा काहीतरी जाणवतंय. माझ्या गाडीत बॉनेटखालचं छोटं बटण गंजलं होतं. बॉनेट घट्ट बंद असूनही गाडीला ते उघडं वाटायचं. मेकॅनिकने ते बदललं आणि त्रास संपला. उतरलेली बॅटरी, किंचित उघडी राहिलेली काच, आरशाला लटकवलेली माळ, हीसुद्धा नेहमीची कारणं. बाहेरून बसवलेल्या अलार्मची संवेदनशीलता कमी करता येते. तळहाताने काचेवर हलकं थोपटून बघा, तेवढ्यानेच वाजला तर ती जास्त आहे.

दुसऱ्याच्या गाडीचा त्रास असेल तर आधी मालकाला शोधा. सापडला नाही तर नंबरप्लेट आणि लुकलुकणारे दिवे एकाच चित्रात येतील असा व्हिडिओ घ्या, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा, मग फोन करा. गाडीला हात मात्र लावू नका.

बहिणीकडे गेले की आता मी पुढच्या काचेमागे चिठ्ठी ठेवते: मजला आणि फोन नंबर, मोठ्या अक्षरात. आणि झोपताना फोनचा आवाज चालू ठेवते.