मॉनिटर लुकलुकतोय? आधी त्याचा स्वतःचा मेनू उघडा

स्क्रीन लुकलुकायला लागली की बहुतेक जण एकतर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, नाहीतर थेट नव्या मॉनिटरच्या किमती बघायला लागतात. दोन्हींची घाई नको. दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे की मॉनिटरच्या, हे एकही स्क्रू न काढता दोन मिनिटांत कळतं.

मॉनिटरच्या खाली किंवा मागे असलेलं मेनूचं बटण दाबा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची जी चौकट पडद्यावर येते ती मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा तिच्याशी संबंध नसतो. मागचं चित्र लुकलुकतंय पण चौकट स्थिर आहे, तर दोष केबलमध्ये, ग्राफिक्स कार्डात किंवा विंडोजमध्ये शोधायचा. चौकटही चित्राबरोबर लुकलुकत असेल तर संशय वीज, अ‍ॅडॉप्टर आणि बॅकलाइटवर, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांवर. पडदा एक-दोन सेकंद पूर्ण काळा होऊन परत येत असेल, तर मात्र सिग्नल तुटला तरी मेनू गायब होतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. अशा वेळी कॉम्प्युटरकडून येणारी केबल काढा. 'नो सिग्नल'ची पाटी काही सेकंद दिसते. तीही थरथरली तर कॉम्प्युटर निर्दोष सुटला.

मेनू स्थिर असेल तर आधी केबल बघा. घरगुती तक्रारींत ही बाजू सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. टेबल भिंतीला टेकवलेलं असतं आणि मागे केबल टोकापाशीच काटकोनात मोडलेली असते. दोन्ही टोकं काढा, पिना बघा, पुन्हा पूर्ण आत बसवा. व्हीजीए (जुना निळ्या टोकाचा जोड) असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबलना खटका असतो, तो न दाबता ओढली की सॉकेट सैल होतं. मग चित्र चालू ठेवून केबल टोकाजवळ बोटाने हळूच हलवा. हलवताच चित्र गेलं-आलं तर दुसरी केबल लावून तेच करा. नव्या केबललाही तसंच झालं तर सॉकेट गेलंय, नाहीतर जुनी केबल.

केबल धडधाकट असूनही कमी पडू शकते. १०८० पिक्सेल, ६० हर्ट्झला जवळपास कुठलीही एचडीएमआय केबल पुरते. ४के, ६० हर्ट्झला सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी केबल लागते आणि जुन्या केबल १०.२ गिगाबिटपर्यंतच्याच असतात. अशी केबल लावली की पांढरे ठिपके चमकतात किंवा अधूनमधून पडदा काळा होतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा, म्हणजेच हर्ट्झ) ६० वरून ३० करून बघा. त्रास थांबला तर केबल बदलायची. घेताना पाकिटावर 'प्रीमियम हाय स्पीड' असल्याची खात्री करा (४के १२० हर्ट्झसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड') आणि दोन मीटरच्या आत ठेवा. मध्ये कन्व्हर्टर असेल तर चाचणीपुरता तोही बाजूला करा.

खुर्चीवरून उठताना-बसताना पडदा क्षणभर काळा होत असेल तर तो भास नाही. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीत स्थिर वीज साठते आणि तिचा झटका केबल पकडते. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा हे जास्त होतं. चांगल्या शील्डिंगची (आत धातूचं आवरण असलेली) केबल घ्या, तिला फेराइटचं कडं (असे झटके अडवणारी चुंबकीय कडी) लावा, ती खुर्चीपासून लांबून न्या आणि प्लगला अर्थिंग आहे ना ते तपासा.

केबल बदलूनही फरक पडला नाही तर विंडोजकडे वळा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी पडदा लुकलुकतोय पण टास्क मॅनेजरची खिडकी शांत असेल तर दोष एखाद्या अ‍ॅपचा, तीही लुकलुकत असेल तर ड्रायव्हरचा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळांनी ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो. क्षणभर अंधार होतो, त्याला घाबरू नका. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. फक्त ब्राउझरमध्येच लुकलुकत असेल तर त्याच्या सेटिंग्जमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणं) बंद करून पाहा.

गेम खेळतानाच, विशेषतः अंधाऱ्या दृश्यांत उजेड कमी-जास्त होतो? मग फ्रीसिंक किंवा जी-सिंक (गेमच्या वेगानुसार रिफ्रेश रेट बदलत ठेवणारी सोय) बंद करून बघा. व्हीए पॅनेलमध्ये (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) हा त्रास जास्त दिसतो, आणि यात मेनूची चौकटही लुकलुकू शकते. म्हणून मॉनिटर दुरुस्तीला नेण्याआधी हे तपासाच.

आता मेनूही लुकलुकतोय असं धरू. मॉनिटर एक्स्टेंशन बोर्डातून काढून थेट भिंतीच्या प्लगला लावा. बोर्डातली सैल पट्टी हे फार साधं आणि फार वेळा सापडणारं कारण आहे. मिक्सर किंवा पाण्याची मोटर चालू होताच लुकलुकतो का, तेही बघा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच होत असेल तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा आहे. घरच्या विजेसारखीच वीज देणाऱ्या प्युअर साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हे थांबतं. पण घरातले दिवेही सोबत कमी-जास्त होत असतील तर मॉनिटर विसरा आणि आधी वायरमनला बोलवा. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला तर २३० व्होल्टच्या प्लगला ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं, त्यात फ्रिज-टीव्ही सगळंच जळतं. दोष मीटरच्या बाहेर निघाला तर वीज कंपनीला कळवा.

घरची वीज ठीक असेल तर ब्राइटनेस फिरवा. १०० वर लुकलुकतो आणि ३० वर शांत राहतो, तर अ‍ॅडॉप्टर किंवा आतली पॉवर सप्लाय थकली आहे. जास्त उजेडाला जास्त करंट लागतो आणि तो तिला झेपत नाही. उलट, कमी ब्राइटनेसला लुकलुकतो आणि १०० वर थांबतो, तर तो बहुधा बिघाड नाही. काही मॉनिटर बॅकलाइट भराभर चालू-बंद करूनच उजेड कमी करतात. त्याने डोळे दुखत असतील तर ब्राइटनेस वर ठेवून कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा.

बाहेरचा अ‍ॅडॉप्टर बदलताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, १२ च्या जागी १९ चालत नाहीत. अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनचा आकार आणि प्लस-मायनसची खूण जुळवून घ्या. मल्टिमीटरने नुसताच मोजलेला अ‍ॅडॉप्टर बरोबर दिसतो आणि मॉनिटर जोडताच खाली येतो, त्यामुळे नुसत्या रीडिंगवर विसंबू नका.

सुरुवातीला लुकलुकून गरम झाल्यावर स्थिर होणारा जुना मॉनिटर बहुतेकदा फुगलेल्या कपॅसिटरचा (पॉवर सप्लायमधला वीज साठवणारा भाग) असतो. हे काम स्वस्तात होतं, पण घरी खोलू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत चौकशी करा. बदली कपॅसिटर १०५ अंशांचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे लागतात, हे आधीच बोलून घ्या.

वॉरंटी शिल्लक असेल तर मेनू उघडा ठेवून फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. फोनच्या कॅमेऱ्यात डोळ्यांना न दिसणारे काळे पट्टे उमटतात, ते बिघाडाचा पुरावा नव्हेत. चौकटीसकट होणारी लुकलुक स्पष्ट दिसली पाहिजे, म्हणजे सर्व्हिस सेंटरला केबलचं किंवा ड्रायव्हरचं कारण पुढे करता येत नाही.